पोरांना कमी दिसतंय हे वेळेत कसं ओळखायचं

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून ठेवा, पोरगं स्वतःहून येऊन कधी सांगणार नाही की आई मला कमी दिसतंय. कारण त्याला ते माहीतच नसतं. लांबचं झाड त्याला पहिल्यापासून हिरवा गोळाच दिसत आलंय, पानं सुटी सुटी कधी दिसलीच नाहीत, तर त्याच्या हिशोबानं झाड म्हणजे हिरवा गोळाच. आपल्याला चाळिशी लागली की आपण पेपर लांब धरून कुरकुरतो कारण आपण आधी नीट बघितलेलं असतं, पोराकडं ते आधीचं काही नाहीच. म्हणून "डोळ्याला काही त्रास होतो का रे?" असं विचारून उपयोग नाही, ते "नाही" म्हणणार आणि खेळायला पळणार.

मी डोळे तपासायच्या, नंबर काढायच्या कामात आहे, सांगली-मिरज पट्ट्यात, आणि शाळांच्या तपासणीला तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडं पण जाणं होतं. आता मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, १८९४ ला तिथं मिशन हॉस्पिटल सुरू झालं आणि पार कर्नाटकातनं लोक इथं दाखवायला येतात, त्यामुळं डॉक्टर मिळत नाही ही आपल्याकडची अडचण नाही. अडचण ही आहे की दाखवायचं डोक्यातच येत नाही. दोन्ही डोळ्यांनी कमी दिसत असेल तर निदान बाई फळ्यावरनं ओरडतात, मार्क कमी पडतात, कुणाच्या तरी लक्षात येतं. पण एकाच डोळ्याला नंबर असेल तर काहीच कळत नाही हो! पोरगं चांगल्या डोळ्यावर सगळं भागवतं, सायकल चालवतं, क्रिकेट खेळतं, स्कॉलरशिपला पण बसतं.

तासगावकडच्या एका शाळेच्या व्हरांड्यात तपासणी चालू होती, चौथीतली एक पोरगी, दोन वेण्या, लाल रिबिनी, दोन्ही डोळे उघडे ठेवून शेवटची ओळ घडाघडा वाचली. मग उजवा डोळा झाकला तर हळूच मान वळवून हाताच्या कडेनं त्याच उजव्या डोळ्यानं बघायला लागली. मी हात नीट लावला, तर ती हात बाजूला करून म्हणते, "मॅडम, तो डोळा कशाला, ह्या डोळ्यानं वाचते की." तिच्या दृष्टीनं एक डोळा वाचायचा आणि एक असाच. घरी कुणाला पत्ता नाही, कारण घरी कुणी एक डोळा झाकून बघितलंच नव्हतं. तर ह्या सगळ्या लिहिण्यातनं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण पोराचा एकेक डोळा वेगळा झाकून बघा.

ह्याला घाई का करायची ते पण सांगते. बघणं हे निम्मं डोळ्याचं आणि निम्मं मेंदूचं काम असतं. एका डोळ्याकडनं धूसर चित्र यायला लागलं की मेंदू ते घेणंच बंद करतो आणि दुसऱ्या डोळ्यावर काम चालवतो, त्या डोळ्याला मग बघायची सवयच लागत नाही, ह्याला आळशी डोळा म्हणतात, डॉक्टर लोक अँब्लायोपिया म्हणतात. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हे बऱ्यापैकी सुधारतं, चष्मा देऊन, चांगल्या डोळ्याला रोज काही तास पट्टी लावून. त्यानंतर काहीच होत नाही असं नाही, पण मेहनत जास्त आणि फळ कमी. आणि मोठेपणी मग कितीही भारी चष्मा केला तरी त्या डोळ्याला पूर्ण दिसत नाही, पोलीस भरती, सैन्य, रेल्वे असल्या ठिकाणी मेडिकलला पोरं अडकतात ती बऱ्याचदा ह्यातच, आणि आपल्या भागातनं भरतीला किती पोरं पळतात ते तुम्हाला माहितीच आहे.

तान्ह्या बाळाचं काय बघायचं

दीड-दोन महिन्यांचं बाळ आईच्या तोंडाकडं टक लावून बघायला लागतं, तीन महिन्यांपर्यंत समोर हलणाऱ्या वस्तूमागं नजर फिरवतं. हे बघताना खुळखुळा घेऊ नका, आवाजाकडं बाळ वळतं आणि आपल्याला वाटतं दिसतंय. लाल रंगाचा कपडा, बॉल, असं आवाज न करणारं काहीतरी एक-दीड फुटावर धरून हळूहळू एका बाजूनं दुसऱ्या बाजूला न्या. तीन महिने झाले तरी नजर लागत नाही, किंवा बुबुळं सारखी थरथरल्यागत हलत राहतात, तर "मुलगे जरा उशिरानंच करतात सगळं" असलं काही ऐकू नका, दाखवून घ्या.

पहिले तीन-चार महिने डोळे मधूनच तिरळे झाल्यासारखे वाटणं चालतं. त्यानंतर नाही. बऱ्याच बाळांचं नाक वरनं चपटं असतं त्यामुळं पांढरा भाग आतल्या बाजूनं झाकला जातो आणि तिरळं नसताना तिरळं वाटतं, ह्यासाठी एक सोपी गोष्ट, समोरनं फोटो काढा आणि झूम करून दोन्ही बुबुळात लाईटचा ठिपका कुठं पडलाय बघा. दोन्हीकडं एकाच जागी असेल तर बहुतेक डोळे सरळ आहेत, एकात मध्ये आणि दुसऱ्यात कडेला असेल तर डॉक्टर. आपल्याकडं तिरळेपणाला "लकी असतं, राहू दे" म्हणायची पद्धत आहे, ते लकी-बिकी काही नाही, तिरळा राहिलेला डोळा आळशी होतो, एवढंच. आणि दोन-तीन वर्षांचा झाल्यावर अचानक डोळा आत वळायला लागला तर त्यात बऱ्याच पोरांना प्लसचा, म्हणजे जवळचं बघायला डोळ्याला जास्त ताण पडतो तो, नंबर असतो आणि नुसत्या चष्म्यानं डोळा सरळ होतो, ऑपरेशन लागेलच असं नाही, त्यामुळं त्या भीतीनं घरात बसू नका.

आता एक नाजूक गोष्ट. मोठे टपोरे डोळे म्हटलं की आपल्याला कौतुक, आजी लगेच दृष्ट काढते. पण बाळाची बुबुळंच मोठी दिसतायत, त्यावर निळसर धुरकटपणा आहे, सारखं पाणी येतंय आणि उजेडात नेलं की डोळे गच्च मिटून रडतंय, असं सगळं एकत्र असेल तर तो लहान मुलांचा काचबिंदू असू शकतो, डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि कोवळा डोळा ताणून मोठा होतो. ह्यात दिवस घालवायचे नसतात.

दुसरी तशीच घाईची गोष्ट म्हणजे बाहुलीत पांढरं दिसणं. फ्लॅश मारून फोटो काढला की साधारण दोन्ही बाहुल्या लाल चमकतात किंवा दोन्ही काळ्या येतात. एक लाल आणि एक पांढरट-पिवळट, मांजराच्या डोळ्यागत चमकणारी, असं जर परत परत वेगवेगळ्या फोटोत दिसलं तर लगेच, त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरकडं. जन्मजात मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सर पण असू शकतो, तो बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या पोरांना होतो आणि लवकर सापडला तर जीव वाचतो, बऱ्याचदा डोळाही. कधीकधी बाळ तिरकं बघत असलं तर नुसत्या अँगलनं पण पांढरी चमक येते, म्हणून घाबरून गडबडून जाऊ नका, पण ते डॉक्टरनं बघून सांगू दे, आपण ठरवायचं नाही.

आणि बाळ लवकर झालं असेल, ३४ आठवड्यांच्या आत किंवा वजन दोन किलोच्या आत, काचेच्या पेटीत ठेवलं असेल, तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच पाहिजे, फार लहान असेल तर त्याच्याही आधी. डिस्चार्जच्या गडबडीत हे राहून जातं, बिल, औषधं, घरी न्यायची घाई, तर कागदावर डोळ्याची तारीख लिहिली आहे का बघा आणि नसेल तर तिथंच उभं राहून विचारा.

काजळाचं एक वाक्यात, काजळानं डोळे मोठे होत नाहीत आणि बाजारातल्या काही काजळात शिसं असतं, टीट लावायची असेल तर कानामागं लावा. दूध, मध, एरंडेल, गुलाबपाणी, काही काही डोळ्यात घालायचं नाही.

अंगणवाडी ते चौथी-पाचवी

ह्या वयात पोरगं डोळ्याचं जे काही आहे ते वागण्यातनं दाखवतं, आपण त्याला खोड समजतो.

टीव्हीच्या जवळ बसणं हे सगळ्यांना माहीत आहे, पण खरं सांगू का, टीव्हीजवळ सगळीच पोरं बसतात. बघायचं असं की मागं सोफ्यावर बसवलं तर तो काय करतो. निवांत बघत बसला तर ठीक. पण डोळे बारीक करून बघायला लागला, किंवा दोन मिनिटात परत पुढं सरकला, मग शंका घ्यायची. डोळे बारीक केले की पापण्यांमधनं छोटी फट राहते आणि त्या फटीतनं थोडं स्पष्ट दिसतं, हे पोरांना कुणी शिकवत नाही, आपोआप जमतं. मोबाईल नाकाला लावून बघणं, चित्र काढताना मान वहीवर टेकवणं हे पण तसंच.

मान एका बाजूला कलती करून बघणं, फोटोत कायम तोंड थोडं वळलेलं असणं, हे जुने फोटो काढून बघा, वाढदिवसाचे, लग्नातले, सगळ्यात मान एकाच बाजूला असेल तर ती स्टाईल नाही. उन्हात गेलं की एकच डोळा मिटणं, हे पण बघून ठेवा, बाहेरच्या बाजूला तिरळेपणा अधनंमधनं येणाऱ्या पोरांमध्ये असतं. असला तिरळेपणा पोरगं दमलं की, ताप असला की, किंवा कुठंतरी तंद्री लागली की दिसतो, डॉक्टरसमोर नेमका दिसत नाही, म्हणून दिसला की मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि तो दाखवा.

वाचताना ओळ सुटणं, बोट ठेवल्याशिवाय वाचता न येणं, संध्याकाळी डोकं दुखणं, अभ्यासाला बसलं की डोळे चोळणं. डोळे चोळायची दुसरी पण कारणं आहेत, आपल्याकडं मार्च-एप्रिल-मेमध्ये धूळ आणि ऊन असं काही असतं की अॅलर्जीनं निम्मी शाळा डोळे चोळत असते. त्यासाठी मेडिकलमधनं परस्पर ड्रॉप आणून महिनोन्महिने घालायचे हे मात्र बंद करा, त्यातल्या बऱ्याच ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असतं, आराम झकास पडतो पण जास्त दिवस घातलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो, पोरांना सुद्धा. आणि सारखे जोरजोरात चोळून बुबुळाचा आकार पण बिघडतो, वाकडा सिलिंडर नंबर वाढत जातो.

खेळताना बघा, कॅच सारखे सुटतायत, बॉल अगदी जवळ आल्यावर बॅट फिरते. पायरी उतरताना चाचपडतो. ग्लासात पाणी ओतताना बाहेर सांडतो. एकेकटं ह्याला काही अर्थ नाही, पोरं धांदरट असतातच, पण दोन-तीन गोष्टी जमल्या की तपासणी.

वही उघडा

हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं आणि फार कुणी सांगत नाही. पोराच्या दोन वह्या घ्या, एक जिच्यात पुस्तकातनं बघून लिहिलंय आणि एक जिच्यात फळ्यावरनं उतरवलंय. पुस्तकातनं लिहिलेलं बरोबर आणि फळ्यावरचं चुकलेलं असेल, आणि चुका पण कशा तर घ चा ध, भ चा म, ब चा व, थ चा य, अनुस्वार गायब, गणितात ३ चा ६, तर त्याचं शुद्धलेखन कच्चं नाही, त्याला फळा धूसर दिसतोय. लांबनं बघितलं तर ही अक्षरं सारखीच दिसतात की. कच्चं शुद्धलेखन दोन्ही वह्यांत सारखं कच्चं असतं. आणि फळ्यावरचं अर्धवट सोडलेलं असेल, किंवा शेजारच्याच्या वहीत जी चूक आहे तीच ह्याच्या वहीत असेल तर तो फळ्यावरनं नाही, शेजाऱ्यावरनं उतरवतोय.

बाईंना, सरांना पण विचारा. कित्येकदा बाई स्वतःच दयेनं पोराला पहिल्या बाकावर आणून बसवतात, मग सहा महिने सगळं झाकून जातं आणि पुढच्या वर्षी उंची वाढली म्हणून मागं पाठवलं की मार्क धाडकन खाली.

घरची तपासणी, हिला फार तर दहा मिनिटं लागतात

चार वर्षांच्या पुढच्या पोराला हे जमतं. इंग्रजी कॅपिटल ई अक्षर घ्यायचं, वाचता आलं नाही तरी चालतं, पाय कुणीकडं आहेत एवढं सांगायचं, वर, खाली, डावीकडं, उजवीकडं. डावं-उजवं कळत नसेल तर हाताची तीन बोटं तशीच वळवून दाखवायची. पांढऱ्या कागदावर काळ्या स्केचपेननं ई काढा, उंची ९ मिलिमीटर आणि रुंदी पण ९, प्रत्येक रेघ साधारण २ मिलिमीटर जाड आणि मधल्या फटी पण तेवढ्याच. कॉम्प्युटरवर केलं तरी प्रिंट काढून पट्टीनं मोजा. असे चार-पाच कागदाचे तुकडे करा, म्हणजे फिरवून फिरवून दाखवता येतात.

मग भरपूर उजेड असलेली खोली, दिवसाची वेळ, आणि टेपनं मोजून १० फूट. दोन फुटी लाद्या असतील तर पाच लाद्या. अंदाजानं अंतर धरू नका, दोन फुटाचा फरक पडला तरी सगळं वाया. आधी जवळ बसवून खेळ समजावून द्या, मग लांब नेऊन दोन्ही डोळ्यांनी, मग एकेक डोळा झाकून. झाकायचं काम पोरानं स्वतः करायचं नाही, ते बोटांच्या फटीतनं बघतं, आणि जोरात दाबून धरलं तर हात काढल्यावर पण थोडा वेळ धूसर दिसतं. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तळहाताची वाटी करून डोळ्यावर ठेवायची, डोळ्याला न दाबता. मान वळवू द्यायची नाही, डोळे बारीक करू द्यायचे नाहीत. पाच वेळा फिरवून दाखवा, पाचात चार बरोबर आले तर तो डोळा पास.

हे माप म्हणजे दवाखान्यातल्या तक्त्यावरची ६/१२ ची ओळ झाली, म्हणजे चांगल्या नजरेला जे १२ मीटरवरनं दिसतं ते ह्याला ६ मीटरवरनं दिसतंय एवढी साधी परीक्षा. पाच वर्षांच्या पोराला हे सहज यायला पाहिजे. सहा-सातच्या पुढच्या पोरांसाठी ई साडेसहा मिलिमीटरची काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोन डोळ्यांत फरक किती पडतो ते बघा, एक डोळा खटाखट आणि दुसरा अडखळत असेल तर वय कितीही असो, पास-नापास काही असो, दाखवायचं.

एवढा कुटाणा नको असेल तर निदान हे करा, कालनिर्णय भिंतीवर आहेच, एका जागी उभं करून एकेका डोळ्यानं तारखेच्या आकड्यांपासून बारीक अक्षरापर्यंत कुठवर वाचता येतं बघा आणि दोन डोळ्यांची तुलना करा. किंवा एसटी स्टँडवर गाडी आत येताना पाटी कोण आधी वाचतो असा खेळ लावा, तासगाव का विटा का इस्लामपूर, गाडी कितीतरी जवळ आल्यावर त्याला कळत असेल तर तुम्हालाच कळेल. आमच्याकडं सांगली-कोल्हापूर रोडला गाड्यांच्या नंबर प्लेट वाचायचा खेळ पोरं खेळतात, एमएच १० का ०९. फक्त एकेक डोळा झाकून खेळायला लावा!

छोट्या बाळाला अक्षर नाही, तर खेळताना हसत हसत एक डोळा तळहातानं झाका, मग दुसरा. एक झाकल्यावर काही नाही आणि दुसरा झाकल्यावर चिडून हात ढकलतंय, असं दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी झालं तर ज्याच्यावर हात ठेवल्यावर चिडतंय तो चांगला डोळा, दुसऱ्यात काहीतरी आहे.

हे सगळं पास झालं तरी एक पळवाट राहते. प्लसचा नंबर असलेलं पोरगं ताण देऊन लांबचं सगळं वाचतं, तक्त्यात सापडत नाही. त्याचं दुखणं जवळच्या कामात, अभ्यासाचा कंटाळा, डोकेदुखी, डोळा आत वळणं. म्हणून लक्षणं असतील तर ई वाचला म्हणून गप्प बसू नका.

मायनस नंबर म्हणजे नेमकं किती दिसत नाही ते पण सांगते, लोकांना अंदाज नसतो. मायनस १ असेल तर साधारण एक मीटरपर्यंत म्हणजे तीन-सव्वातीन फुटापर्यंत स्पष्ट, पुढं धूसर. मायनस २ असेल तर अर्धा मीटर. मायनस ४ म्हणजे २५ सेंटिमीटर, एक वीत आणि वर चार बोटं. आता मायनस २ चं पोरगं तिसऱ्या बाकावर बसून फळा बघतंय, विचार करा.

संध्याकाळ झाली की चाचपडणं

हे वेगळं दुखणं आहे, अ जीवनसत्त्व कमी पडलं की दिवसा नीट आणि अंधार पडला की पोरगं ठेचकाळायला लागतं, बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसागत ठिपके येतात. आता पूर्वीइतकं दिसत नाही, पण ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांमधल्या पोरांचे डोस चुकतात, गाव सुटतं, कार्ड हरवतं. सरकारी डोस असा आहे, नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर १ लाख युनिट आणि मग पाच वर्षांचा होईपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख, एकूण ९ डोस. कार्डावर मोजून बघा. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, आंबा, अंडी, हे खायला घाला, पण गाजर खाऊन चष्म्याचा नंबर जातो असं मात्र नाही, तो डोळ्याच्या आकाराचा विषय आहे, खाण्याचा नाही.

दाखवायचं कुठं आणि तिथं काय होतं

अंगणवाडीत वर्षातनं दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, २०१३ पासून हे चालू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. त्यात डोळे बघतात, शंका आली की पुढं पाठवायची चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी दप्तरात चुरगळून पडलेली मी बघितली आहे, पोरगं देत नाही आणि आपण विचारत नाही, तर टीम येऊन गेली की दप्तर तपासा. सांगलीचं सिव्हिल, मिरजेचं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, तालुक्याचं सरकारी रुग्णालय, कुठंही केसपेपर काढून सुरुवात करता येते, आणि शाळेतल्या गरजू पोरांना फुकट चष्मा द्यायची सोय पण अंधत्व नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमात आहे, मागायला लाजू नका.

पोराचा पहिला नंबर नुसत्या मशीनवर एका मिनिटात काढून लगेच चष्मा बनवू नका. पोरांच्या डोळ्याची फोकस करायची ताकद एवढी असते की मशीनमध्ये बघताना ते ताण देतात आणि नसलेला मायनस नंबर दिसतो, किंवा असलेला प्लस लपतो. म्हणून डोळ्यात बाहुली मोठी करायचे ड्रॉप घालून नंबर काढायला लागतो. ड्रॉपनं थोडा वेळ झोंबतं, जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही, साधारण दिवसभरात उतरतं. लहान किंवा तिरळ्या पोरांना कधीकधी अॅट्रोपिनचा मलम घरी तीन दिवस लावायला देतात, त्याचा असर आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे पण राहतो, तेव्हा घाबरू नका आणि परीक्षेच्या तोंडावर ही तारीख घेऊ नका. मलम लावल्यावर तोंड लालबुंद झालं किंवा अंग गरम लागायला लागलं तर पुढचा लावायचा नाही, आधी डॉक्टरला फोन.

काही लक्षण नसलं तरी तिसऱ्या वर्षाच्या आसपास एकदा, शाळेत घालायच्या आधी एकदा आणि मग वर्षातनं एकदा दाखवा. आईबाबांना लहानपणापासून जाड चष्मा असेल, मोठ्या भावाबहिणीला आळशी डोळा निघाला असेल तर अजून लवकर.

चष्मा लागला तर

घरात पहिलं वाक्य येतं "एवढ्यात चष्मा? वाढत जाईल की नंबर!" आणि पोरगी असेल तर लग्नाची काळजी सुद्धा तिसरीतच सुरू होते, काय बोलायचं. नंबर वाढतो तो उंची वाढते तसा डोळा लांब होत जातो म्हणून, चष्मा लावल्यानं नाही, आणि न लावल्यानं कमी पण होत नाही. उलट लहान वयात नंबर असून चष्मा दिला नाही तर डोळा आळशी व्हायची भीती. फ्रेम हलकी प्लॅस्टिकची, काच नको, पॉलिकार्बोनेटची लेन्स सांगा, फुटून डोळ्यात जात नाही, आणि मागनं इलॅस्टिकचा पट्टा लावला की खेळताना पडत नाही.

पट्टी लावायची असेल तर ती चांगल्या डोळ्याला लावायची. हे मुद्दाम लिहिते कारण "दुखऱ्या डोळ्याला विश्रांती" म्हणून कमजोर डोळा झाकून आणलेली पोरं येतात. किती तास ते डॉक्टर ठरवतील. शाळेत पोरं चिडवतात म्हणून संध्याकाळी घरी लावा, आणि तेवढ्या वेळात चित्र रंगवणं, मणी ओवणं, मटार सोलणं असं जवळचं काम द्या, नुसतं बसवून ठेवून फायदा कमी.

मोबाईलबद्दल भाषण देत नाही, दोन वर्षांच्या आत नकोच, पाचपर्यंत दिवसाला तासाभराच्या वर नको, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ ला सांगून ठेवलंय. पण मायनस नंबर लागू नये ह्यासाठी नुसता मोबाईल काढून घेऊन घरात पुस्तक धरून बसवलं तर डोळ्याला फार फरक पडत नाही, रोज दोन तास बाहेर उजेडात असणं ह्याचा फायदा नक्की होतो. क्लासला जायच्या आधी तासभर ग्राऊंडवर सोडा, सुट्टीत मळ्यात जाऊ दे, द्राक्षाच्या बागेत फवारणी चालू असेल तेव्हा मात्र लांब ठेवा.

चष्मा लागलेल्या पोराला सहा महिन्यांनी परत दाखवा, वर्षाची वाट बघू नका, आणि जाताना जुना चष्मा आणि जुना नंबरचा कागद दोन्ही न्या, नंबर किती वेगानं वाढतोय ते त्याच्याशिवाय कळत नाही, फार भरभर वाढत असेल तर हल्ली कमी ताकदीचे अॅट्रोपिनचे ड्रॉप, वेगळ्या लेन्स असे उपाय आहेत. तो कागद लसीकरणाच्या कार्डाच्या पिशवीतच ठेवत चला आणि मोबाईलवर त्याचा एक फोटो काढून ठेवा.